स्वयंपाक वेळेवर होतो, तरी नैराश्य असू शकतं : गृहिणीची तपासणी कशी व्हायला हवी

मानसोपचाराच्या ओपीडीत एक ठरलेला प्रश्न असतो : या त्रासामुळे कामावर काय परिणाम झाला? बँकेतला माणूस सांगतो, रजा संपल्या, साहेबांनी मेमो दिला. कॉलेजातली मुलगी सांगते, दोन विषय राहिले. गृहिणीला तोच प्रश्न विचारा, ती म्हणते, "काम तर होतेच न जी. करावंच लागते." मग केस पेपरवर 'कामकाज व्यवस्थित' अशी नोंद होते आणि पुढचा पेशंट आत येतो.

तपासणी चुकते ती बहुतेक वेळा इथेच. नैराश्याचं निदान करताना लक्षणांबरोबर हेही बघतात की रोजच्या जगण्यात कुठे खंड पडला आहे का. पण घरकामात खंड पडू द्यायची सोयच नसते. सकाळी शाळेची व्हॅन येते, सासूबाईंना गोळीच्या आधी खायला लागतं, आलेला नळ कुणाची वाट बघत नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्यांमध्ये बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता, पुरुषांचा ९७. मुलाबाळांचं आणि आजाऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. एवढ्या कामाची घडी आजारी बाईसुद्धा कितीतरी महिने मोडू देत नाही. म्हणून काम होतं की नाही हे विचारून फार काही कळत नाही. कसं होतं, किती वेळात होतं आणि ते चालू ठेवण्यासाठी तिने काय सोडून दिलं, हे विचारावं लागतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक वैशाली घेऊ. अशी कुणी एक बाई नाही; नागपुरातल्या मानेवाडा, नंदनवन, जरीपटका इथल्या बऱ्याच घरांतल्या गोष्टी मी तिच्यात एकत्र केल्या आहेत. वय ३७, माहेर आर्वीचं, नवरा बुटीबोरीला कंपनीत शिफ्ट ड्युटीवर, मुलगी नववीत, मुलगा चौथीत, सासूला शुगर.

वैशाली 'मला उदास वाटतं' असं म्हणत येत नाही. ती आधी वस्तीतल्या डॉक्टरकडे जाते. डोकं दुखते, ॲसिडिटी आहे, मानेपासून कंबरेपर्यंत अंग धरलं, अंगात जीव नाही. तिच्या फाइलमध्ये ॲसिडिटीच्या गोळ्या, बी-कॉम्प्लेक्स आणि तीनदा लावलेलं सलाईन दिसतं. "सलाईन लावलं का दोन दिवस बरं वाटते." बाटलीत असतं मीठ-साखरेचं पाणी. मला दाट शंका आहे की बरं वाटतं ते त्या दोन तासांनी, कारण दिवसाउजेडी पाय पसरून पडून राहायची परवानगी तिला तेवढीच मिळते. काही बायका 'पांढरं जाते' अशी तक्रार घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे चकरा मारतात. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी या तक्रारीचा अभ्यास केला, तेव्हा तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी जास्त ठळकपणे दिसला. याचा अर्थ अंगावरून जाण्याची तपासणीच करू नये असा नाही. पण तपासणीत काही निघालं नाही, तरी तक्रार कायम राहिली, तर 'काही नाही, मनाचे खेळ' म्हणून बाईला घरी पाठवायचं नसतं. तिथून दुसरी तपासणी सुरू व्हायला हवी.

आधी खुर्च्या बघा

वैशालीला घेऊन नवरा येतो, कधी सासूही. प्रश्न तिला विचारला की उत्तर तो देतो. "हिला काहीच टेन्शन नाही मॅडम. घरी सगळं आहे. फक्त विचार जास्त करते." तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं दिसत असतं. तरी सुरुवातीच्या दहा मिनिटांनंतर त्याला सरळ सांगायचं : "भाऊ, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा, तुमच्याशी मी नंतर बोलते." हे न सांगता केलेल्या तपासणीवर माझा फारसा विश्वास नाही. नवऱ्यासमोर बाई झोपेबद्दल बोलेल, मरणाच्या विचाराबद्दल बोलणार नाही आणि मारहाणीबद्दल तर नाहीच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे पेशंटची माहिती गुप्त ठेवली जाणं हा तिचा हक्क आहे. तिला हे तोंडाने सांगावं लागतं. हा कायदा तिने वाचलेला असेल असं धरून चालता येत नाही.

नंतर नवऱ्याशीही बोलायचंच. कधीपासून बदल दिसतो, रात्री उठून बसते का, पैशाचा व्यवहार कुणाकडे, घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का. पण बऱ्याच घरांत नेमकी माहिती असते ती मोठ्या मुलीकडे. तिची उलटतपासणी घ्यायची नाही. ती आपणहून काही बोलली तर ऐकून घ्यायचं. "आई आधी लय ओरडायची. आता काहीच म्हणत नाही." नववीतल्या मुलीचं हे वाक्य चाचणीच्या कागदापेक्षा जास्त सांगून जातं.

नऊ लक्षणं, आणि ती घरात कशी दिसतात

निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'डीएसएम-५' या पुस्तिकेत नैराश्याची नऊ लक्षणं दिली आहेत. मन खिन्न असणं. कशातच रस किंवा आनंद न वाटणं. भूक किंवा वजन कमी-जास्त होणं. झोप बिघडणं. हालचाली मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझारा. थकवा. आपण निरुपयोगी आहोत, आपलंच चुकलं अशी टोचणी. लक्ष न लागणं, साधा निर्णयही न होणं. मरणाचे विचार. यातली किमान पाच, किमान दोन आठवडे, जवळपास रोज असायला हवीत आणि त्यांत पहिल्या दोनपैकी एक असलंच पाहिजे. शिवाय त्यामुळे बाईला खरोखर त्रास होत असला पाहिजे किंवा जगणं अडलेलं असलं पाहिजे. दोन दिवसांचा वैताग यात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 'आयसीडी-११' ही यादी याच्याशी मिळतीजुळती आहे. तिच्यात पुढे काही चांगलं होईल ही आशाच संपणं, हे दहावं लक्षण आहे.

यादी सोपी आहे. ती घरातल्या भाषेत विचारणं अवघड आहे.

रस कमी झाला का, हे 'तुमच्या आवडी काय?' असं विचारून कळत नाही. "आम्हाला कुठली आवड जी" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी विचारावं, मागच्या वर्षी केलं आणि यंदा केलं नाही असं काय? मग निघतं. थंडीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की वैशाली दरवर्षी सांबारवड्या करते, गल्लीत चार घरी पाठवते. यंदा केल्या नाहीत. संक्रांतीचं वाण आणलं, ते पिशवीतच राहिलं. कुणी भिशीला जाणं सोडते, कुणी संध्याकाळी विहारात वंदनेला जाणं. रोजची पोळीभाजी सुटत नाही, कारण ती दुसऱ्यासाठी आहे. जे बाई हौसेने किंवा स्वतःसाठी करते ते आधी गळतं आणि घरच्यांना त्याची उणीवही भासत नाही. माझ्या मते संपूर्ण मुलाखतीत सगळ्यात कामाचा प्रश्न हाच.

झोपेचं असंच. नैराश्यात पुष्कळांना पहाटे फार लवकर जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. पण पहाटे उठणं हे गृहिणीचं रोजचंच. म्हणून 'किती वाजता उठता?' याला अर्थ नाही. 'उठायच्या वेळेआधी किती वेळ नुसत्या जाग्या असता आणि तेव्हा डोक्यात काय चालू असतं?' हे विचारायचं. अर्थात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला आणि कूलर बंद पडला की नागपुरात झोप कुणालाच लागत नाही, तेवढं वजा करावं.

भुकेचं विचारलं तर ती सगळ्यात शेवटी जेवते, उरलेलं खाते, वजन शेवटचं बाळंतपणात केलेलं. ब्लाउज सैल झाला का, शिवण उसवावी लागली का, हे तिला नेमकं माहीत असतं.

लक्ष लागत नाही हे कार्यालयीन वाक्य झालं. घरात ते असं दिसतं : दूध रोज उतू जातं, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते आठवत नाही, चौथीतल्या मुलाचा अभ्यास घेताना तीच ओळ तीनदा वाचावी लागते. भाजी कोणती करायची हे ठरत नाही म्हणून बाई फ्रिज उघडून उभी राहते. मंदावणं कळतं ते वेळेतून. पूर्वी नऊपर्यंत आटोपणारं काम आता बारा वाजेपर्यंत रेंगाळतं. टोचणी मुलांवरून निघते : "माझ्यामुळंच पोराचे मार्क कमी झाले." आणि चिडचिड. मोठ्या माणसांच्या नऊ लक्षणांत ती स्वतंत्रपणे नाही, पण प्रत्यक्षात फार दिसते. घरचे लोक डॉक्टरकडे आणतात ते पुष्कळदा तिच्यामुळेच.

हे सगळं एका कागदावर आणायची साधी पद्धत आहे. पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंतचे तास एकाखाली एक लिहायचे आणि कालच्या दिवशी प्रत्येक तासाला काय केलं ते तिच्याकडूनच भरून घ्यायचं. 'रोज काय करता' असं विचारलं की बाई आदर्श दिवस सांगते, म्हणून कालचाच. वैशालीच्या कागदावर साडेआठ ते अकरा रिकामं राहतं. मुलं शाळेत, नवरा ड्युटीवर. त्या वेळात काय करता?

"पलंगावर बसून राहते."

"झोप लागते?"

"नाही जी. नुसती बसून राहते. सासूबाईंची चाहूल लागली का उठून झाडू हातात घेते."

अडीच तास. घरात कुणालाही याचा पत्ता नाही, कारण झाडू वेळेवर हातात येतो. 'कामकाज व्यवस्थित' या दोन शब्दांमागे काय काय दडतं ते इथे कळतं.

आणखी एक गोष्ट विचारायची, मनातलं बोलायला माणूस कोण? लंडनच्या कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी बायकांमधल्या नैराश्याचा मोठा अभ्यास केला. तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. मोठा आघात झाल्यावर कोणत्या बायका नैराश्यात जाण्याची शक्यता जास्त, हे शोधताना त्यांना चार गोष्टी सापडल्या : घरात १४ वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं, बाहेरची नोकरी नसणं, वयाच्या ११ वर्षांआधी आई गेलेली असणं आणि जवळचं, विश्वासाचं माणूस नसणं. लंडन कुठे आणि मानेवाडा कुठे. पण शेवटची गोष्ट इथेही पदोपदी दिसते. घर माणसांनी भरलेलं असतं, बोलायला कुणी नसतं. लग्नानंतर मैत्रिणी पांगतात. आईला फोनवर खरं सांगितलं तर ती घोर लावून घेईल म्हणून सांगायचं नसतं. फोन करतानाही सासू ऐकत असते.

गुणांचा कागद

चाचणी म्हणून जास्त वापरली जाते ती पीएचक्यू-९ ही प्रश्नावली. २००१ साली ती प्रसिद्ध झाली. नऊ लक्षणांचे नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस त्रास झाला त्यावरून प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र आणि २० पासून पुढे तीव्र अशी ढोबळ विभागणी आहे. घाईच्या ओपीडीत पहिले दोनच प्रश्न विचारतात, मन खिन्न आहे का आणि रस गेला का. सहापैकी तीन किंवा जास्त गुण आले तर बाकीचे सात.

हा कागद हातात देऊन 'भरून आणा' म्हटलं की बायका सगळीकडे 'काही दिवस' वर खूण करून मोकळ्या होतात. प्रश्न वाचून दाखवावे आणि चौदा दिवस बोटांवर मोजावेत. 'मागच्या सोमवारी? मंगळवारी?' असं मोजायला लागलं की 'काही दिवस' चे 'बहुतेक रोज' होतात. वैशालीच्या हातात कागद दिला तेव्हा ८ गुण आले, बसून विचारलं तेव्हा १४.

१४ गुण म्हणजे निदान नव्हे. ताप १०२ आहे हे थर्मामीटर सांगतो, टायफॉइड की मलेरिया हे सांगत नाही, तसंच हे. मोबाइलवर स्वतःच प्रश्नावली सोडवून गोळ्या शोधणाऱ्यांनी आणि 'आठच आले, म्हणजे काही नाही' म्हणणाऱ्या घरच्यांनीही एवढं लक्षात ठेवावं.

बाळ लहान असेल तर प्रश्नावली बदलते. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला झोप नीट लागते का हे विचारण्यात काय हशील? बाळ झोपू देईल तर ना. म्हणून १९८७ साली जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी एडिनबरा प्रश्नावली तयार केली. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांचे, कमाल ३० गुण. थकवा, भूक असे शरीराचे प्रश्न तिच्यात मुद्दाम टाळले आहेत. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत येणारं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर तपासून घ्यावं. आणि बाळंतीण झोपतच नसेल, भलतंसलतं बोलत असेल, बाळाबद्दल विचित्र शंका घेत असेल, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. ही वेगळी आणि घाईची स्थिती आहे.

रक्त तपासल्याशिवाय मनावर शिक्का नको

थायरॉइड कमी पडला की थकवा, वजन वाढणं, मंदपणा, उदासी हे सगळं येतं. म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, हवीच. हिमोग्लोबिन हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. गर्भवती नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर ते कमीच. शाकाहारी घरांत बी-१२, शिवाय शुगर. पण इथे एक उलटी चूकही होते. हिमोग्लोबिन ९ निघालं की सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात, 'रक्त कमी आहे, बाकी काही नाही'. दोन्ही एकत्र असू शकतात. लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरलं आणि बाई तशीच बसून राहिली, तर पुन्हा मनाकडे यावं लागतं.

पाळीशी मेळ आहे का हेही बघायचं. दर महिन्याला पाळीआधीचा आठवडा भयंकर आणि पाळी सुरू झाली की बाई सावरते, असं असेल तर दुसरं निदान शोधतात, त्यासाठी दोन महिने तारखांसह नोंद ठेवावी लागते. चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या आधीचा काळ. चालू असलेली औषधं. झोपेची गोळी कुणी परस्पर सुरू केली आहे का. खर्रा, तंबाखू, गुडाखू. बायकांना हे विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो, विचारावं. आणि एक प्रश्न कधीच सोडू नये : आयुष्यात कधी सलग काही दिवस झोप अगदी कमी होऊनही अंगात प्रचंड जोर, बोलणं थांबेना, वारेमाप खर्च, असं झालं होतं का? झालं असेल तर हा दोन टोकांचा आजार (बायपोलर) असू शकतो आणि त्यात नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर प्रकरण दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं.

मग उरतो सगळ्यांत नाजूक प्रश्न : ही आजारी आहे की नुसती दमली आहे? माहेरी आठ दिवस राहिल्यावर काय होतं ते विचारा. दमलेली बाई दोन दिवस झोपते, तिसऱ्या दिवशी बहिणीबरोबर हसत बाजारात जाते. नैराश्यातल्या बाईला बऱ्याचदा माहेरीही गोड लागत नाही, आणि 'इथं येऊनही असंच' म्हणून ती जास्त घाबरते. ही कसोटी पक्की नाही. नैराश्याच्या एका प्रकारात चांगलं काही घडलं की मन तात्पुरतं वर येतं. आणि दमणूक वर्षानुवर्षं चालली तर तीच आजाराला वाट करून देते. दमलेली असली तरी तिला मदत लागतेच, फक्त ती गोळीची नसते. घरातल्या कामाची वाटणी बदलावी लागते आणि ते गोळी लिहून देण्याइतकं सोपं नाही.

घरात मार, शिव्या, पैशाची कोंडी, नवऱ्याची दारू असेल तर तेही तपासणीतच मोडतं. 'घरात कुणाची भीती वाटते का?' एवढ्या प्रश्नाने सुरुवात होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शिवीगाळ आणि आर्थिक छळही येतो. १८१ ही महिलांसाठी हेल्पलाइन आहे. रोज मार खाणाऱ्या बाईला नुसती उदासीची गोळी देऊन त्याच घरात परत पाठवणं याला मी उपचार म्हणणार नाही.

जो प्रश्न सगळे टाळतात

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२१ साली देशात ४५,०२६ बायकांनी आत्महत्या केल्या. त्यांत निम्म्याहून जास्त गृहिणी होत्या. म्हणून मरणाच्या विचारांबद्दल विचारणं ऐच्छिक नाही. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बाईला हायसं वाटतं की कुणीतरी विचारलं.

प्रश्न पायरीपायरीने जातो. जगणं नकोसं वाटतं का? झोपेतच मरण यावं असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं येतं का मनात? कसं, केव्हा, काही ठरवलं आहे का? पूर्वी कधी केलं होतं का? आईला आणखी एक विचारावं लागतं : मुलांचं काय येतं मनात? "पोरांकडे पाहून थांबते" हे उत्तर दिलासा देणारं. "मी गेल्यावर पोरांचे हाल होतील, त्यांनाबी सोबत…" अशी भाषा आली तर एक दिवसही थांबायचं नाही. ठरवलेली पद्धत, पूर्वीचा प्रयत्न किंवा मुलांना सोबत नेण्याचा विचार असेल तर तिला एकटं ठेवायचं नाही, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात किंवा घराबाहेर आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. पोलीस केस होईल या भीतीने घरचे दवाखाना टाळतात. २०१७ च्या कायद्यात असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

पुढे काय, आणि कुठे

नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. मिहानमध्ये एम्स आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे, पण जवळच्या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात आणि त्या नावापायीच पुष्कळ बायका ऑटोत बसत नाहीत. तिथे गेलं म्हणजे भरतीच करतात असं नाही, ओपीडीत दाखवून घरी येता येतं. घराबाहेर पडणंच जमत नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, मोफत, २४ तास, मराठीतूनही. सासूबाई झोपल्यावर गच्चीवरून लावता येतो.

नागपूरपासून जवळच, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. त्याआधी नैराश्य असलेल्यांपैकी साधारण ४ टक्के लोक मदत घेत होते, दीड वर्षात ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. दारात येऊन कुणी विचारलं की लोक बोलतात.

सौम्य नैराश्यात समुपदेशन, ठरवून केलेल्या छोट्या छोट्या गोष्टी आणि चालणं यांवर भर असतो. तासांच्या त्याच कागदावर साडेआठ ते अकराच्या रिकाम्या जागेत आधी फक्त वीस मिनिटांचं काहीतरी लिहायचं, बाईने स्वतः निवडलेलं. मध्यम आणि तीव्र नैराश्यात बऱ्याचदा औषधं लागतात. अंगावर पाजत असलेल्या आईलाही देता येतील अशी औषधं आहेत, डॉक्टरला तेवढं सांगायला हवं.

तपासणी संपली की दाराशी थांबून नवरा हमखास विचारतो, "किती दिवसांत बरी होईल?" त्याला खरं सांगावं. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा आधी येतो आणि तिथेच निम्मे लोक 'सूट नाही झाली' म्हणून सोडून देतील की काय अशी धास्ती असते. या गोळ्यांची सवय लागत नाही, पण एकदम बंद करायच्या नाहीत. बरं वाटू लागल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या. दर भेटीला पीएचक्यू-९ पुन्हा विचारतात. गुण निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं असं समजतात, ५ च्या खाली आले तर लक्षणं ओसरली असं. पुढच्या भेटीला येताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि तासांचा नवा कागद आणायचा. तो कागद नवऱ्याने भरायचा नाही, तिनेच भरायचा.